उत्तरेकडचं अर्धं मैदान

एक मीटर सतरा सेंटिमीटर.

लांब उडीच्या वाळूत मेलेलं कुत्रं. ते कोणी काढायचं यावर तीन दिवस पत्रव्यवहार.

'येथे थुंकू नये.' ही पाटी वाचायची तर आधी धुवावी लागे.

काटोलची एस.टी. कंडक्टरच्या पिंढऱ्या अजून दगडासारख्या.

आठ नंबरचे काट्यांचे बूट, एक जोडी, क्रीडा विभागाच्या कपाटात. किल्लीवाला रजेवर.

रोलर कोणाचा?

नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत भिंतीला टेकवून ठेवलेला पांढरा संगमरवर. त्यावर अजून नाव नाही.

*

यातलं काहीही आधी घेतलं तरी शेवटी सारखीच घाण वास मारते. म्हणून मैदानापासून घेऊ.

विद्यापीठाचं स्टेडियम १९६० साली उघडलं तेव्हाच त्याला दोन धनी होते. आत फुटबॉलचं मैदान, भोवती धावण्याचा ट्रॅक. फुटबॉल समिती म्हणे, मैदान आमचं, ट्रॅक ही त्याची नुसती किनार. ॲथलेटिक्स समिती म्हणे, ट्रॅक हेच स्टेडियम, मधल्या गवतात काय खेळायचं ते आम्हाला विचारून खेळा. पहिल्याच वर्षी चुना कोणी टाकायचा यावरून दोन प्राध्यापक एकमेकांच्या अंगावर गेले. दोघेही पीएच.डी. शेवटी वरच्या साहेबांनी तोडगा काढला. फुटबॉलची मधली रेघ तीच वाटणीची रेघ. उत्तरेकडचं सगळं ॲथलेटिक्सकडे, दक्षिणेकडचं सगळं फुटबॉलकडे. सगळं म्हणजे सगळं. उत्तरेचा गोल आणि पेनल्टीचा चौकोन ॲथलेटिक्सच्या वामनरावांनी आखायचा, आणि दक्षिणेकडच्या ट्रॅकच्या सहाही लेन फुटबॉलच्या रामाजीने. मधलं वर्तुळसुद्धा दोघांनी अर्धं अर्धं. ते कधी नीट जुळलं नाही. पाहुण्या संघांना वाटे, नागपुरात वर्तुळ असंच काढतात.

विद्यापीठाच्या कागदांत दोघांचीही नोंद 'माळी' अशी होती. दोघांनीही तिथे कधी फुलझाड लावलं नाही.

ट्रॅकच्या दोन टोकांना दोन अर्धगोल वळणं. प्रत्येक वळणाच्या मध्यावर जमिनीत वीतभर खोल पुरलेली एकेक लोखंडी खुंटी. माती उकरून खुंटी उघडी करायची, तिला तार अडकवायची, तार ताणून धरायची आणि ताणल्या तारेबरोबर चालत चुना सांडत जायचं. खुंटी जाग्यावर असली की वळण आपोआप बरोबर येतं. उत्तरेची खुंटी वामनरावांची, दक्षिणेची रामाजीची. एकाने दुसऱ्याच्या खुंटीला हात लावायचा नाही. वामनराव हुडकेश्वरहून रोज सायकलने यायचे आणि आधी आपल्या खुंटीवरची माती पायाने दाबून बघायचे. लोक देवाला हात जोडतात, तसं ते एकदा करून टाकायचे.

*

स्मरणिकेच्या मजकुरातून: 'पाव शतक या पवित्र भूमीने तारुण्याचा जयघोष ऐकला आहे.'

हा मजकूर क्रीडा अधिकारी मधुकरराव यांचा. १९८५च्या जानेवारीत स्टेडियमचा रौप्यमहोत्सव होता. त्यांनी वामनरावांना समोर बसवलं. "तुम्ही जुने. इतिहास सांगा, मी लिहितो."

वामनरावांनी सांगितला. त्र्याहत्तर साली मैदानात गव्हाची पोती उतरवली होती, पोती गेली पण उंदीर राहिले. सत्याहत्तरला दोन महिन्यांत नऊ सभा झाल्या, प्रत्येक मांडवाचे खड्डे वेगळे. एका खड्ड्यात पोराचा पाय मोडला. एका पुढाऱ्याच्या मुलीचं लग्न लागलं, शंभर मीटरच्या रेघेवर बुंदीला आठ दिवस मुंग्या होत्या. आणि दर डिसेंबरला अधिवेशन आलं की बंदोबस्ताला आलेल्या बाहेरगावच्या शिपायांचे तंबू. ते गेले की दक्षिण टोकाला नाकाला फडकं बांधल्याशिवाय जाता येत नाही.

मधुकररावांनी सगळं मान हलवत ऐकलं. मग लिहिलं: तारुण्याचा जयघोष.

*

रामाजी त्याआधीच्याच, १९८४च्या डिसेंबरअखेरीस निवृत्त होणार होता. नवा माणूस मिळेपर्यंत दक्षिणेचा चार्ज वामनरावांनी घ्यायचा होता. दोघं पॅव्हेलियनच्या पायरीवर बसले. रामाजीने कोणाकडून तरी लिहून आणलेली यादी पुढे केली आणि वामनराव मोठ्याने वाचू लागले.

"फावडं एक, मोडकं. चुन्याचं घमेलं एक. तार, पितळी कडीसह. गोलची जाळी एक, उंदरांनी खाल्लेली. दक्षिण केंद्राची खुंटी एक, १९७१ साली आदेशानुसार एक मीटर सतरा सेंटिमीटर आत घेतलेली."

शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचली. मग मनातल्या मनात तिसऱ्यांदा.

"रामाजी, हे काय गा?"

"काय?"

"खुंटी. तू हलवली?"

"हलवली ना. पत्र आलं होतं. गजाचा ट्रॅक मीटरचा करा म्हणून."

"अरे, मी हलवली होती ना बे!"

"तं? तुही उत्तरेची. माही दक्षिणेची."

"एकच हलवाची होती!"

तंबाखू मळता मळता रामाजीचा अंगठा थांबला. "माह्या पत्रात एक खुंटी असंच लिहून होतं. मी एकच हलवली."

"माह्याही पत्रात एकच."

"मंग दोघायनं एकएकच हलवली," रामाजी म्हणाला. "बरोबरच तं हाय."

बरोबर नव्हतं. जुना ट्रॅक चारशे चाळीस गजांचा, म्हणजे चारशे मीटरपेक्षा दोन मीटर चौतीस सेंटिमीटर जास्त. एका टोकाचं वळण एक मीटर सतरा आत सरकवलं की दोन्ही बाजूंच्या सरळ रेघा तेवढ्या तेवढ्या तुटतात आणि ट्रॅक चारशेचा होतो. हुकूम एवढाच होता. पण मैदानाची माणसं दोन, म्हणून पत्राच्या प्रतीही दोन निघाल्या, दोन समित्यांना. दोघांनीही हुकूम तंतोतंत पाळला. वळण सरळ आत सरकतं, रेघ कुठे वाकडी दिसत नाही, कोणाच्या डोळ्याला खुपत नाही.

"तवा विचारलं काहून नाही मले?" वामनराव म्हणाले.

"तवा आपण बोलत नव्हतो. रोलरचं."

रोलरचंच. स्टेडियमला रोलर एक. एकोणसत्तर साली रामाजीने तो दक्षिणेला नेला आणि तीन महिने परत दिला नाही. वामनरावांनी एकदा विचारलं, रोलर कोणाचा? रामाजी म्हणाला, ज्याच्याकडं हाय त्याचा. त्यावर चार वर्षं दोघं एका मैदानात एकमेकांकडे पाठ करून चुना टाकत राहिले.

त्या दुपारी त्यांनी पोलादी टेप लावला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच वामनराव रामाजीच्या अर्ध्यात टेप धरून चालले. तीनशे सत्त्याण्णव मीटर सहासष्ट. पुन्हा मोजलं. तेवढंच.

*

वामनराव हिशेबाचे पक्के नव्हते, पण फेऱ्यांचे होते. पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. फेरीमागे दोन मीटर चौतीस कमी. एकूण एकोणतीस मीटर. म्हणजे पॅव्हेलियनच्या पायरीपासून मुतारीच्या भिंतीपर्यंत. चांगल्या धावपटूला तेवढं जायला पाच सेकंद लागतात.

१९६६ साली देवराव पाच हजार मीटर पंधरा मिनिटं चोवीस सेकंदांत पळाला होता. काटोलकडचा पोरगा, हॉस्टेलात राहणारा. ट्रॅक तेव्हा गजाचा होता, म्हणून सुरुवातीची रेघ वामनरावांनी वेगळी, स्वतः मोजून, मारून दिली होती. देवराव अनवाणी पळाला. बूट मंजूर होते, आलेही होते, कपाटात होते; किल्लीवाला रजेवर होता. शेवटच्या फेरीत उत्तरेच्या वळणावर त्याच्या टाचेचं रक्त चुन्याच्या रेघेवर पडलं. वामनरावांनी त्यावर चार दिवस चुना टाकला नाही.

१९७९ साली कृष्णकांत नावाच्या मुलाने तीच शर्यत पंधरा एकवीसमध्ये काढली. तीन सेकंदांनी विक्रम मोडला. पॅव्हेलियनच्या लाकडी फळ्यावर देवरावच्या नावावर रंग मारला गेला. कृष्णकांतला क्रीडा विभागातच नोकरी लागली.

तीन सेकंद. आणि ट्रॅक पाच सेकंदांनी खोटा.

आता फळा जाऊन संगमरवर येणार होता. महालातल्या कारागिराकडे दगड पोचला होता. रंग खरवडता येतो. दगडातलं नाव कोण काढतो?

*

मधुकररावांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या तोंडात पान होतं. ऐकून झाल्यावर ते उठले, दाराशी आले, आणि दाराबाहेर वामनरावांनी ठेवलेल्या घमेल्यात थुंकले. पांढऱ्या चुन्यात लाल डाग हळूहळू पसरत गेला.

"वामनराव, तेरा वर्षांत या ट्रॅकवर मी किती पोरांना सर्टिफिकेटं दिली, माहीत आहे? कोणी रेल्वेत लागला, कोणी पोलिसात, कोणी बँकेत. सगळ्यांना परत बोलावू? या रे बाबांनो, तुमचे दोन मीटर पळायचे राहिले?"

"नाही जी. पन देवरावचं नाव तेवढं..."

"कोण देवराव?"

"सहासष्टचा. पंधरा चोवीस."

"आता काय करतो?"

"कंडक्टर हाय. काटोलच्या गाडीवर."

"मग झालं तर. लागला ना कुठे तरी."

वामनराव उभेच राहिले. मधुकररावांनी आवाज खाली आणला. "हे बघा, महोत्सवाला बाहेरचे पंच येणार. ते टेप लावणार. त्याच्या आत ट्रॅक चारशेचा झाला पाहिजे. रामाजीची खुंटी मागे घ्या. गाजावाजा नको. त्याची यादी माझ्याकडे ठेवून जा, टाइप करून देतो."

"आन दगड?"

"दगडाचं तुम्हाला काय करायचं आहे?"

दुसऱ्या दिवशी यादी टाइप होऊन आली. दक्षिण केंद्राची खुंटी एक. पुढे पूर्णविराम.

*

तंबू उठल्यावरचा रविवार, भर दुपार. दक्षिणेच्या खुंटीभोवती वापरलेली पाती, साबणाचे तुकडे, भाताचा आंबलेला ढीग, आणि जे आडोशाला करायचं ते उघड्यावर केलेलं. रामाजीने नाकाला गमछा बांधला आणि खणायला घेतलं. वामनराव तार धरून उभे. फावडं दोनदा नको त्यात गेलं. रामाजी शिव्या देत होता, कोणाला ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

खुंटी उपटली. एक मीटर सतरा मागे, तेरा वर्षांपूर्वीच्या तिच्या जुन्या भोकात ती अलगद बसली. भोक बुजलंच नव्हतं. रामाजी खूश झाला. "पाह्य गा! जसं काई हललीच नव्हती!"

हे त्याने उगीच म्हटलं, पण वामनराव त्यावरच अडले. खरंच, आता ती कधी हललीच नव्हती. नवं वळण आखताना, ताणल्या तारेबरोबर चालता चालता, त्यांना पुढचंही कळलं. आता ट्रॅक खरा झाला. खोट्या ट्रॅकवरचा आकडा खऱ्या ट्रॅकवर मोडायचा तर पोराला आधी पाच सेकंद भरून काढावे लागणार. कृष्णकांतचा विक्रम आता दहा वर्षं कोणी हलवत नाही. त्या आकड्याला कुंपण घालायचं काम बाकी होतं, तेही त्यांनीच चुन्याने घातलं होतं.

घरी जाऊन त्यांनी तीनदा हात धुतले. त्यांची बायको जिजाबाई म्हणाली, "साबण खाऊन टाकता का आता?"

*

"तिकीट."

"देवराव, मी वामन. स्टेडियमचा."

"वळखलं ना जी. तिकीट कुठलं?"

"कुठलंही दे. तुह्याशीच बोलाचं हाय."

देवरावने काटोलचं तिकीट दिलं. गाडी खच्चून भरली होती. मधल्या वाटेत एका म्हातारीने संत्र्यांची टोपली ठेवली होती आणि ती कोणाला पाय टाकू देत नव्हती. "अवं माय, टोपली मांडीवर घे," देवराव म्हणाला. म्हातारी म्हणाली, "तूच बस मांडीवर, टोपलीले जागा दे." गाडी हसली. त्या हसण्यात वामनरावांनी सांगायला सुरुवात केली. मधे तिकिटं, मधे घंटी, मधे कळमेश्वरचा थांबा. देवराव ऐकतोय की नाही ते कळत नव्हतं. कळमेश्वर सोडल्यावर तो जवळ येऊन उभा राहिला.

"पाच सेकंद?"

"पाच. वरतं थोडेसे."

"मी तीननं गेलो होतो."

"हो."

देवराव खिडकीबाहेर बघत राहिला. खाकी पँटच्या आत पिंढऱ्या तशाच होत्या, नुसता ब्रेक लागला तरी त्याला दांडा धरावा लागत नव्हता.

"माह्या पोरीले मी एकदा घेऊन आलो होतो," तो म्हणाला. "लय मांगं लागली होती, बाबा, तुमचं नाव दाखवा. दाखवाले गेलो तं त्याच्यावर रंग. पोरगी म्हणे, बाबा, तुम्ही खोटं काहून बोलता?"

"लिहून देता?" देवरावने विचारलं.

"माही नोकरीची तीन वर्षं राह्यली, देवराव."

"मी नोकरी नाही मांगून राहिलो जी. कागद मांगून राहिलो. पोरीले दाखवाले." त्याने घंटीची दोरी ओढली. "पुढं कोण राह्यलं तिकिटाचं?"

*

वामनरावांनी कागद लिहिला. दोन रात्री लागल्या. त्यांचा हात लांब रेघेचा, अक्षराचा नव्हे. लिहून झाल्यावर त्यांनी तो वाचला. स्वतःच्या हाताने केलेलं त्यांना एवढंच सांगता येत होतं: १९७१ साली पत्राप्रमाणे उत्तरेची खुंटी एक मीटर सतरा आत घेतली. ते बरोबरच होतं. चूक उत्तरेत नव्हती. दक्षिणेतही नव्हती. ती दोन्ही मिळून होती, आणि आता दक्षिणेची खुंटी जुन्या जागी होती, यादीत पूर्णविराम होता, आणि ज्याला वाटेल त्याने टेप लावावा, बरोबर चारशे भरत होते. दक्षिणेबद्दल बोलायचं तर रामाजीची सही हवी.

रामाजी महालात भाच्याकडे राहायचा. दारातच त्याने कागद वाचून घेतला आणि परत दिला.

"माही पेन्शनची फाइल कोणाच्या टेबलावर हाय, माहीत हाय न तुले?"

"माहीत हाय."

"मंग? माही खुंटी कधी हललीच नाही, वामन. यादी पाह्य."

"देवरावचं नाव दगडावर आलं असतं, रामाजी."

"माहं कुठी येऊन राहिलं? तुहं येऊन राहिलं?" त्याने दार अर्धं लावलं. मग उरलेल्या अर्ध्यातून म्हणाला, "चहा घेतं का?"

वामनरावांना त्याची किळस आली. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिच्यात स्वतःचीही मिसळली. त्यांनीही तीन वर्षं राहिली म्हटलंच होतं की. गल्लीत कारागीर दगडावर पाणी मारून पुसत होता. 'कृष्णकांत' एवढं उतरलं होतं. 'त'च्या खोबणीत पांढरं पीठ साचलं होतं, चुन्यासारखं.

*

महोत्सव. बाहेरच्या पंचांनी टेप लावला, चारशे भरले, त्यांनी क्रीडा विभागाचं अभिनंदन केलं. पाच हजार मीटरमध्ये पहिला आलेला मुलगा पंधरा मिनिटं एक्केचाळीस सेकंदांत आला आणि रेघेवरच ओकला. माइकवरून मधुकरराव म्हणाले, आजच्या पिढीत तो दम राहिला नाही. कृष्णकांत यांचा विक्रम आजही अबाधित आहे. टाळ्या. पडदा ओढला. दगड पांढराशुभ्र होता.

गळ्यातला हार काढत कृष्णकांत उत्तरेच्या वळणावर आला आणि वामनरावांच्या पायाला हात लावला. मनाने चांगला मुलगा. "सगळी तुमच्या ट्रॅकची कृपा, वामनराव," तो म्हणाला. वामनरावांनी पाय मागे घेतला.

देवराव नंतर आला. ड्युटीवरूनच, खाकीत. बरोबर बारा-तेरा वर्षांची पोरगी, दोन वेण्यांची. तिने दगड आधीच वाचून घेतला होता. तोंडावरून कळत होतं.

"कागद?"

वामनरावांनी दिला. देवरावने उभ्या उभ्या वाचला. उलटून मागे बघितलं. मागे काही नव्हतं.

"यात तं तुम्ही सगळं हुकमाप्रमाणं केलं असंच लिहून हाय."

"माह्या अर्ध्याचं तेवढंच खरं हाय, देवराव."

"आन रामाजीचं अर्धं?"

"त्यानं सही नाही केली."

देवरावने कागदाची घडी घातली, नीट, तिकिटांच्या गठ्ठ्यासारखी. "मंग हे माहं सर्टिफिकेट नाही जी. हे तुमचं हाय." त्याने ती घडी वामनरावांच्या सदऱ्याच्या खिशात सरकवली. "ठेवा. तीन वर्षं कामी येईल."

पोरगी म्हणाली, "बाबा, कुठी पळले होते तुम्ही?"

"अथीच. पन तवा लांब होतं." तिला कळलं नाही. "चाल, गाडी सुटल."

ते दोघं ट्रॅक ओलांडून गेले. पोरीने चुन्याच्या रेघेवर पाय न देता उडी मारली. देवराव रेघ तुडवत गेला. वामनराव तो पुसलेला तुकडा बघत राहिले. मग, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, ते ट्रॅकवर थुंकले. स्वतःच्या अर्ध्यात, पहिल्या लेनच्या आतल्या रेघेवर. आणि घमेलं उचलून त्यावर चुना टाकला.

*

१९७१च्या मे महिन्यात वामनराव उत्तरेची खुंटी उपटत होते, तेव्हा रामाजी मैदानातच, रोलरच्या सावलीत बसून भाकर खात त्यांच्याकडे बघत होता. दक्षिणेची खुंटी तेव्हा अजून जाग्यावर होती.